अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

विंडोज ११ चा विषय निघाला की बोलणं हमखास टास्कबारवर येऊन अडतं. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे का आणलं, राइट क्लिक केल्यावर नेहमीच्या गोष्टी कुठे गेल्या, विंडोचे कोपरे गोल करून काय मिळवलं. या तक्रारी फुकाच्या नाहीत. जिथे हात दिवसातून शंभरदा आपोआप जातो ती जागा हलली की वैताग येणारच. पण या सिस्टीमने हात घातला आहे तो जोत्याला. भिंतींचा रंग सगळ्यांना दिसतो. दाराची कुलपं बदलली आहेत आणि त्यातली एक, डिस्क उघडणारी अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली आपल्या नकळत तयार होऊन दुसरीकडेच ठेवली गेली आहे, हे मात्र दार अडकेपर्यंत कळत नाही.

तारखेने पाहिलं तर ही सिस्टीम ५ ऑक्टोबर २०२१ ची. पण विंडोज १० वर ज्यांचं काम सुखाने चाललं होतं त्यांनी ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे पुष्कळांची या सिस्टीमशी खरी गाठ आता कुठे पडते आहे. त्यांच्यासाठी ती नवीच.

पॉवरचं बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंतच्या काही सेकंदांत काय होतं ते आधी पाहू, कारण पुढची बहुतेक कौतुकं आणि बहुतेक अडचणी तिथेच जन्मतात. मदरबोर्डवरचा यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचाच प्रोग्रॅम (बोलताना अजूनही बायोस), जागा होतो. तो पुढच्या पायरीवरचा प्रोग्रॅम उचलतो, पण चालवण्याआधी दोन गोष्टी होतात. पहिली सिक्युअर बूट: त्या प्रोग्रॅमवर ओळखीची डिजिटल सही आहे का ते पाहायचं, नसेल तर दारातच थांबवायचं. दुसरी गोष्ट टीपीएम नावाच्या चिपची. ती कोणाला अडवत नाही. ती फक्त नोंद करते. चालणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, घेऊन तो तिच्या रजिस्टरमध्ये मिसळला जातो: जुनी किंमत आणि नवा हॅश एकत्र करून त्यांचा पुन्हा हॅश. त्यामुळे आधीची नोंद खोडता येत नाही, मधे काही घुसवता येत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं तरच पाटी कोरी होते. एक दारवान आणि एक कारकून, असं हे जोडपं. अनेकांच्या डोक्यात ही दोन्ही कामं एकच असतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

आपल्या मशीनमध्ये हा कारकून आहे का, हे पाहायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करायचं. उघडलेल्या विंडोत चिप वापरासाठी तयार असल्याचं आणि खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० असल्याचं दिसलं की झालं. १.२ दिसलं तर ती चिप चालणार नाही. ‘टीपीएम सापडली नाही’ असं आलं तर मात्र लगेच हातपाय गाळू नयेत. गेल्या दहा वर्षांतल्या बहुसंख्य प्रोसेसरांत ही सोय आतच असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड किंवा ट्रस्टेड कॉम्प्युटिंग अशा एखाद्या पानावर ती सापडते. सुटं मॉड्यूल विकत घेण्याची वेळ क्वचितच येते, आणि घेतलंच तर त्याच्या पिना बोर्डागणिक वेगळ्या असतात हे लक्षात ठेवावं.

एएमडीच्या मशीनवर एक जुनं दुखणं अजून अधूनमधून भेटतं. दोन-चार तासांत एकदा माउस क्षणभर थबकतो आणि गाण्याचा आवाज फाटतो. एफटीपीएम आपली माहिती बोर्डावरच्या ज्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये ठेवते, तिथे ये-जा लांबली की सगळं मशीन तेवढ्यापुरतं खोळंबतं. एएमडीने हे मार्च २०२२ मध्ये मान्य केलं, आणि अजेसा या आपल्या मूळ फर्मवेअरच्या १.२.०.७ आवृत्तीवर बेतलेल्या बायोसमध्ये उपाय दिला. आज हा थबका दिसत असेल तर सिस्टीम पुन्हा टाकत बसू नये, बायोसची आवृत्ती पाहावी.

आता प्रोसेसरच्या रेषेबद्दल. कागदावरची किमान गरज साधी आहे: १ गिगाहर्ट्झ, दोन कोअर, ६४ बिट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.०, सिक्युअर बूट पेलणारा यूईएफआय, डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. पण त्यासोबत मान्य प्रोसेसरांची यादी आहे, आणि इंटेलच्या बाबतीत ती ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, एएमडीच्या बाबतीत रायझन २००० पासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये कारण दिलं ते असं: चाचणीत अटी पूर्ण न करणाऱ्या मशीनवर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, पातळीचे क्रॅश ५२ टक्के जास्त झाले, तर अटी पूर्ण करणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशविना गेला. आकडे खरे असतील, पण ५२ टक्के जास्त म्हणजे मुळात किती, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला वजन येत नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते मला जास्त पटतं. मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक संरक्षण आहे. त्यात कर्नलमध्ये कोणता कोड चालू द्यायचा याचा निवाडा मुख्य सिस्टीमच्या बाहेर, व्हर्च्युअलायझेशनच्या भिंतीपलीकडे होतो. हे हलक्या हाताने करायला प्रोसेसरमध्ये खास सोय लागते. इंटेलमध्ये ती सातव्या पिढीपासून आहे, एएमडीमध्ये झेन २ या आराखड्यापासून. नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरने रेटावं लागतं आणि मशीन जड होतं. म्हणजे या न्यायाने इंटेलची सातवी पिढी आत हवी होती, आणि त्याआधीच्या झेन प्लसवरचे रायझन २००० बाहेर. प्रत्यक्षात झालं उलटं. सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर मागाहून यादीत आले. त्यातला ७८२०एचक्यू हा मायक्रोसॉफ्टच्याच सर्फेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. संरक्षणाचा हेतू मला मान्य आहे. पण रेषा जिथे ओढली ती जागा त्या हेतूतून निघत नाही, आणि धडधाकट चालणारी मशीन तिच्यामुळे अडगळीत गेली, याचं मनापासून वाईट वाटतं.

यादीबाहेरच्या मशीनवर विंडोज ११ टाकता येतं, त्याच्या वाटा सगळीकडे लिहिलेल्या आहेत. चालतंही. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती दर वेळी हाताने, पुन्हा त्याच आडवाटेने टाकावी लागते. होम आणि प्रो या दोन्हींना प्रत्येक आवृत्तीमागे २४ महिन्यांचाच सपोर्ट आहे, म्हणजे हे काम टाळून चालत नाही. आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून एक वाट कायमची बंद झाली: प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना कळत नसतील तर सिस्टीम सुरूच होत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन तिथे संपली. तिथे कोणतीही क्लृप्ती चालत नाही, कारण प्रोसेसरला जो शब्दच ठाऊक नाही तो त्याच्याकडून वदवून घेता येत नाही.

प्रोसेसर चालतो, टीपीएम सापडली, तरी मशीनवर विंडोज ११ चालेल का ते तपासणारा हेल्थ चेकचा प्रोग्रॅम नकार देतो, असंही होतं. बहुतेक वेळा डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली असते आणि बायोस जुन्या लेगसी पद्धतीने चालत असतो. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे ‘लेगसी’ लिहिलेलं दिसलं की हेच. यासाठी सगळं पुसून नव्याने टाकायची गरज नाही. डिस्कची आखणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे. ते आधी फक्त तपासणीच्या पर्यायाने चालवायचं. ते अडतं ते मुख्यतः पार्टिशनमुळे: तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील, किंवा एक्सटेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह केलेले असतील, तर ते रूपांतर करत नाही. अशा वेळी बॅकअप घेऊन पार्टिशन कमी करावे लागतात. तपासणी पार पडली की मग रूपांतर, आणि ते झाल्यावर बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी पद्धतीची सोय) बंद, यूईएफआय चालू. क्रम महत्त्वाचा. आधी बायोस बदलला तर मशीनला डिस्कवर सिस्टीमच सापडणार नाही. घाबरून फॉरमॅट मारण्याआधी बायोस पुन्हा लेगसीवर नेऊन पाहावा, सगळं जागच्या जागी असतं. सिक्युअर बूट अगदी शेवटी चालू करायचं.

रॅम आणि डिस्कबद्दल थोडक्यात. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण स्थिरावेपर्यंतच निम्म्याहून अधिक रॅम खर्ची पडलेली असते आणि ब्राउझरची चार पानं उघडली की डिस्कवर घासाघीस सुरू. ८ जीबी हा कामचलाऊ पाया, १६ निवांत. आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ही सिस्टीम टाकूच नये. तिला सतत इकडचे तिकडचे बारीक तुकडे वाचायचे असतात. फिरती डिस्क असं वाचन सेकंदाला शंभर-दीडशे वेळा करते, साधी एसएसडी हजारोंनी. एकच सुटा भाग बदलायचा असेल तर तो हा.

मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का, ते विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, इथे दिसतं. नव्या मशीनवर ती बहुधा चालूच असते. वरून अपग्रेड केलेल्या मशीनवर बंद असू शकते. चालू करायला गेलं आणि सिस्टीमने न चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी दाखवली, तर ती वाचावी. बऱ्याचदा कधीच काढून टाकलेल्या एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर तिथे बसलेला निघतो. तो काढला की काम झालं. गेम खेळणाऱ्यांना या संरक्षणापायी काही फ्रेम सोडाव्या लागतात हे खरं आहे. पण इंटरनेटवरून काहीबाही उतरवून चालवणाऱ्या मशीनवर ते बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या जोत्याच्या कामात कौतुकाच्याही गोष्टी आहेत, आणि त्या दिसत नाहीत म्हणून त्यांचं श्रेय बुडतं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच प्रोसेसरमध्ये काही कोअर ताकदीचे आणि काही काटकसरीचे असतात. कोणतं काम कुठे द्यायचं, याची माहिती प्रोसेसर स्वतः सिस्टीमला पुरवत राहतो, आणि ती नीट ऐकण्याची तयारी विंडोज ११ मध्ये आहे.

दिसणाऱ्या गोष्टींतली सर्वांत गुणाची म्हणजे विंडो लावण्याची सोय. मॅक्झिमाइझच्या चौकोनावर माउस नुसता नेला, किंवा विंडोज आणि झेड दाबलं, की मांडणीचे नमुने दिसतात. एका खणावर क्लिक केलं की विंडो तिथे जाऊन बसते आणि उरलेल्या खणांसाठी बाकीच्या विंडो पुढे येतात. पण पुष्कळ जण म्हणतात की आम्हाला तीन उभ्या खणांचा नमुना दिसतच नाही. त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. तीन खणांसाठी पडद्याची रुंदी किमान १९२० इफेक्टिव्ह पिक्सेल लागते, आणि इफेक्टिव्ह म्हणजे स्केलिंगने भागल्यानंतरची. लॅपटॉपचा पडदा १९२० पिक्सेलचा असतो, पण अक्षरं वाचता यावीत म्हणून स्केलिंग १२५ टक्के ठेवलेलं असतं. १९२० ला १.२५ ने भागलं की उरतात १५३६. सिस्टीमच्या लेखी पडदा तेवढाच. स्केलिंग १०० टक्क्यांवर आणलं की तीन खण हजर होतात, फक्त अक्षरं मुंगीएवढी होतात. बाहेरचा मोठा मॉनिटर असेल तर ही सोय खुलते. आणि तो मॉनिटर काढला की त्यावरच्या विंडो मिटून बाजूला राहतात, पुन्हा जोडला की आपापल्या जागी परत येतात. मॉनिटर जोडून-काढून काम करणाऱ्याला ही एक गोष्टच अपग्रेडला पुरेशी वाटेल.

टास्कबारचं मात्र समर्थन करवत नाही. तो नव्याने लिहिला गेला आणि जुन्यातलं पुष्कळसं त्या लिहिण्यात राहून गेलं. पहिल्या आवृत्तीत फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेता येत नव्हती. ती सोय २०२२ मध्ये आली. एका प्रोग्रॅमच्या चार विंडो वेगवेगळ्या, नावासकट दाखवायची सोय २०२३ मध्ये परतली. टास्कबार पडद्याच्या कडेला किंवा वर नेण्याची जुनी सवय ज्यांना होती त्यांना तर तळाशीच खिळवून ठेवलं. बटण डावीकडे हवं असेल तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स इथे अलाइनमेंट बदलता येते. हे पहिल्या दिवशी करून टाकावं, निम्मा राग तिथेच शमतो.

राइट क्लिकच्या मेन्यूची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या मेन्यूत कोणताही प्रोग्रॅम आपली ओळ घुसवू शकत असे, आणि ती ओळ पुरवणारा कोड थेट एक्सप्लोररच्या आत चालत असे. एखादा तुकडा रेंगाळला की मेन्यू रेंगाळायचा, तो कोसळला की एक्सप्लोरर कोसळायचा. नव्या मेन्यूत शिस्त आणली आहे, आणि ती आवश्यक होती. पण कट, कॉपी, पेस्ट यांची नुसती चित्रं वर ठेवली, शब्द काढले; ते शब्द २४एच२ मध्ये परत आले. जुना पूर्ण मेन्यू हवा असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक करावं, जास्तीचा क्लिक वाचतो. एक्सप्लोररमध्ये टॅब आले, झिपबरोबर सेव्हन-झिप आणि रार फाइलही आपसूक उघडू लागल्या, नोटपॅड न जतन केलेलं लिखाण लक्षात ठेवू लागलं. वर्डपॅड २४एच२ मध्ये गेलं. अँड्रॉइडची अॅप चालवण्याचा तर पहिल्या घोषणेत मोठा गाजावाजा होता. ५ मार्च २०२५ ला तो सपोर्ट संपला. घोषणेतल्या सोयीवर विसंबून कामाची घडी बसवू नये, एवढं त्यातून घ्यावं. पडद्याची क्षणचित्रं जपून ठेवणारी रिकॉलसारखी सोय वेगळ्या जातीच्या मशीनवरच येते: १६ जीबी रॅम, २५६ जीबी जागा आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामाचा वेगळा प्रोसेसर. बाकीच्यांनी तिची चिंता करू नये, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडेही ती स्वतःहून चालू केल्याशिवाय चालू होत नाही.

अपग्रेड करून पस्तावलं तर परतीची वाट दहा दिवस उघडी असते: सेटिंग्जमध्ये सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. ती वाट विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये असते. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात तो पुसला की वाटही पुसली.

आता त्या किल्लीकडे येतो.

नवीन मशीन सुरू करताना होम आवृत्ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. २२एच२ पासून प्रो आवृत्तीही वैयक्तिक वापरासाठी तेच मागते. त्या खात्याने प्रवेश केला की पडद्यामागे एक काम होतं. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी गुंतवलेली. तिची उघडी ठेवलेली तात्पुरती किल्ली काढून टाकली जाते आणि कुलूप टीपीएमच्या ताब्यात दिलं जातं. त्याच वेळी एक रिकव्हरी की तयार होऊन खात्यात जमा होते. नुसतं त्या मशीनपुरतं लोकल खातं वापरलं तर डिस्क एन्क्रिप्ट होऊनही ती उघडी किल्ली डिस्कवरच पडून राहते, म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवलेली. २४एच२ मध्ये यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या, त्यामुळे नव्याने टाकलेल्या किती तरी जास्त मशीनवर हे आपोआप घडतं. वापरणाऱ्याला वाटत असतं की आपण कुठे काय एन्क्रिप्ट केलंय.

चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत हे संरक्षण अनमोल आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. पण मदरबोर्ड जळाला तर तुमच्याही हाती लागत नाही. पूर्वी अशा वेळी डिस्क काढून दुसरीकडे लावली की फोटो-फाइली निघत. आता टीपीएम त्या जळालेल्या बोर्डासोबत गेलेली असते आणि समोर येते एक निळी चौकट: ४८ अंक टाका. ते नसतील तर दुरुस्तीवाला, डेटा परत मिळवून देणारा तज्ज्ञ, खुद्द मायक्रोसॉफ्ट, कोणीही काही करू शकत नाही. आणि ते अंक ज्या खात्यात आहेत ते बहुधा त्या माणसाचं असतं ज्याने मशीन पहिल्यांदा सुरू करून दिलं.

बोर्ड जळायचीही गरज नाही. कारकुनाच्या वहीतल्या सातव्या रजिस्टरमध्ये सिक्युअर बूटची स्थिती असते, आणि नेहमीच्या मांडणीत डिस्कची किल्ली सातव्या आणि अकराव्या रजिस्टरच्या किमतींना बांधलेली असते. सिक्युअर बूट बंद-चालू केलं, त्याच्या किल्ल्या बदलल्या, बायोस अपडेटमध्ये टीपीएम कोरी झाली, की नोंद जुळत नाही आणि किल्ली सुटत नाही. मशीनला यात चोर आणि मालक यांतला फरक कळायचा काही मार्ग नाही. एएमडीच्या काही बोर्डांवर प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अपडेटनंतर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएम रीसेट करायची तर वाय, जुनी नोंद ठेवायची तर एन. घाईत वाय दाबलं जातं. हातात ४८ अंक नसतील तर एनच दाबावं.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरचं, म्हणजे याच डिस्क एन्क्रिप्शनचं, संरक्षण तात्पुरतं थांबवायचं. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलच्या बिटलॉकर पानावर ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ आहे. यात डिस्क उलगडली जात नाही, फक्त किल्ली तेवढ्यापुरती उघडी ठेवली जाते. म्हणून क्षणात होतं. पण पुढच्या रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप पुन्हा चालू होतं, आणि काही बायोस अपडेट दोनदा रीस्टार्ट घेतात. दुसऱ्या वेळी निळी चौकट येते ती यामुळे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून मॅनेज-बीडीई ही आज्ञा वापरली तर किती रीस्टार्टपर्यंत थांबायचं तो आकडा देता येतो, १ ते १५. शून्य दिला तर आपण सांगेपर्यंत. होम आवृत्तीत बिटलॉकरचं पान नाही, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शनचा नुसता एक खटका आहे. तो बंद केला तर पूर्ण डिस्क उलगडत बसते. तिथेही ही आज्ञाच सोयीची.

ते ४८ अंक एकदा जवळून पाहावेत. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. प्रत्येक गट ही ११ ने भाग जाणारी संख्या असते, आणि ११ ने भागल्यावर येणारं उत्तर ६५,५३५ च्या वर जात नाही. म्हणून कोणताही गट ८ किंवा ९ ने सुरू होत नाही. सर्वांत मोठा गट ७२०८८५. कागदावर उतरवताना चूक झाली का, हे पाहायला यंत्र लागत नाही. समजा गट आहे १२३४५३. पहिला, तिसरा, पाचवा अंक मिळवा: १ आणि ३ आणि ५, झाले ९. दुसरा, चौथा, सहावा: २ आणि ४ आणि ३, तेही ९. दोन्ही बेरजांत फरक शून्य, ११ किंवा २२ असला की गट बरोबर. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की फरक बिघडतो. उलट करून २१३४५३ लिहिलं तर बेरजा येतात १० आणि ८. पकडली चूक. आठही गट तपासायला दोन मिनिटं लागतात. निळ्या चौकटीवर कीबोर्डचे अंक चालत नसतील तर एफ १ पासून एफ ९ आणि शून्यासाठी एफ १० दाबावं.

हे अंक फाइलमध्ये लिहून त्याच डिस्कवर ठेवणारे पुष्कळ आहेत. कागद बरा, किंवा वेगळा पेन ड्राइव्ह. त्यावर अंकांबरोबर की आयडीची, म्हणजे किल्लीच्या ओळखक्रमांकाची, पहिली आठ अक्षरं लिहायलाच हवीत, कारण खात्यात जुन्या मशीनच्या, जुन्या वेळच्या अशा तीन-चार किल्ल्या साठलेल्या असतात आणि निळी चौकट नेमकी हीच आठ अक्षरं दाखवून विचारते. एन्क्रिप्शन एकदा बंद करून पुन्हा चालू केलं की किल्ली नवी होते, जुना कागद कुचकामी. चालत्या मशीनवर मॅनेज-बीडीईला प्रोटेक्टर्स विचारले की आत्ता लागू असलेली आयडी आणि अंक दोन्ही समोर येतात. ती आठ अक्षरं कागदावरच्या आठ अक्षरांशी जुळवून पाहावीत, आणि मगच बायोस अपडेटच्या फाइलवर क्लिक करावं.